लिचेसचा ‘लर्न’ विभाग: चाली पक्क्या होतात, पट मात्र घरीच मांडायला शिकवा

पाच-सहा वर्षांच्या मुलाला बुद्धिबळ शिकवायचं असेल, तर क्लासची फी विचारायला जाण्याआधी लिचेस डॉट ऑर्गवरचा ‘लर्न’ विभाग उघडून बघा. फुकट आहे, जाहिरात एकही नाही, खातं काढलं नाही तरी चालतो. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ देणग्यांवर चालतं, त्यामुळे चार धडे झाले की ‘पुढचं बघायला पैसे भरा’ असा प्रकार नाही.

धडे १८ आहेत. पहिले सहा मोहऱ्यांचे: हत्ती, उंट, वजीर, राजा, घोडा, प्यादं. क्रम अगदी बरोबर लावलाय. हत्ती सरळ, उंट तिरका. ही दोन्ही आली की वजीर वेगळा शिकवावा लागतच नाही. पटावर चांदण्या असतात, मोहरा हलवून त्या गोळा करायच्या, खेळ्या कमी तितके गुण जास्त. उंटाच्या धड्यात एके ठिकाणी दोन उंट दिलेत आणि एकट्याने सगळ्या चांदण्या मिळतच नाहीत. पांढऱ्या घरातला उंट काळ्या घरात कधीच जात नाही, हे पोराला तिथे आपोआप कळतं.

गाडी अडते ती घोड्यापाशी. आपण सवयीने ‘अडीच घरं’ म्हणतो आणि पोरगं अर्धं घर शोधत बसतं. त्यापेक्षा ‘दोन घरं सरळ, मग एक बाजूला’ म्हणा आणि पडताळ्याची खूण द्या: पांढऱ्या घरातून उडालेला घोडा काळ्यातच उतरतो. तसं झालं नाही तर मोजणी चुकली.

आता उणिवा. या सहा धड्यांत समोर खेळणारा कुणी नाही; सगळ्या खेळ्या पांढऱ्याच्याच. त्यामुळे इथून थेट खऱ्या पटावर आलेलं मूल सलग दोन खेळ्या करतं, आणि तसं का करायचं नाही हे त्याला कळत नाही. दुसरं, नियमाबाहेरची चाल स्क्रीन करूच देत नाही. मोहरा नुसता जागेवर परत येतो. चूक काय झाली हे कुणी सांगत नाही, मग मूल बोट ठेवून ‘इथे जातो का, तिथे जातो का’ करत सुटतं. संगणकाशी किंवा घरच्यांशी स्क्रीनवर डाव सुरू झाला की पसंतींमध्ये जाऊन मोहऱ्याच्या संभाव्य जागा दाखवणारे ठिपके बंद करून टाका. ते चालू असेपर्यंत पोरगं ठिपक्यांवर टिचक्या मारतं, पटाकडे बघत नाही.

पट मांडणं तर मूलभूत धडे संपल्यावर, ‘एका खेळीत मात’ हा धडा झाल्यानंतर येतं. फारच उशीर. ते पहिल्याच दिवशी घरी शिकवा: दोघांच्याही उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर, वजीर आपल्या रंगाच्या घरात. पट आडवा मांडला गेला की वजीर-राजाची अदलाबदल होते आणि पुढचं सगळंच बिघडतं. यासाठी गुंडाळता येणारा पट घ्या, घर ५ ते ६ सेंटिमीटर, राजा साधारण ९.५ सेंटिमीटर, म्हणजे स्पर्धेचंच माप. प्रवासातला चुंबकी पट लहान बोटांना नको. एक मोहरा उचलताना शेजारचे दोन सरकतात.

रोजचा बेत सोपा ठेवा: दहा मिनिटं स्क्रीनवर एक धडा, लगेच दहा मिनिटं पटावर तोच मोहरा. प्यादं झालं की दोन्हीकडे फक्त आठ-आठ प्यादी आणि राजे मांडून खेळा; जो आधी प्यादं शेवटच्या ओळीत नेईल तो जिंकला. पाळीपाळीने खेळणं इथे अंगवळणी पडतं. ‘शहातून सुटका’ हा धडा मात्र घाईत उरकू नका. पळणं, आड येणं, शह देणाऱ्याला मारणं हे तीन मार्ग दर वेळी याच क्रमाने मोठ्याने म्हणायला लावा. घोड्याने दिलेल्या शहाला आड येता येत नाही, हे पटावर दाखवल्याशिवाय पटत नाही. एन पासांचा, म्हणजे दोन घरं पुढे येऊन शेजारी थांबलेलं प्यादं मारण्याच्या खास चालीचा धडा मात्र खुशाल गाळा, वीसेक डाव झाल्यावर बघू.

आजोबा खेळणारे असतील तर नियम आधी ठरवून घ्या. जुन्या देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं, राजाला एकदा घोड्याची चाल मिळते, आणि प्यादं शेवटच्या ओळीत ज्या घरात पोचेल, तिथे सुरुवातीला असतो तो मोहरा होतं. खेळ झकासच आहे, पण शाळेच्या स्पर्धेत हे चालत नाही. तिथे शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा यांपैकी हवा तो मोहरा करता येतो; पहिला वजीर पटावर जिवंत असला तरी वजीरसुद्धा.

किल्लेकोटाचा (कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याचा) धडा चांगला आहे, पण हाताची सवय इथे लागत नाही. खऱ्या पटावर आधी राजाला हात लावायचा, तो दोन घरं सरकवायचा, मग हत्ती. हत्तीला आधी हात लागला तर स्पर्धेत त्या बाजूचा किल्लेकोट गेलाच. ‘हात लावला तो मोहरा हलवायचा’ हा नियमच विभागात नाही.

खातं काढलंत तर मुलांसाठीचा मोड चालू करा. मग अनोळखी खेळाडूंशी संदेश, गप्पा सगळं बंद होतं आणि बोधचिन्हाशेजारी हसरा चेहरा दिसतो. वाचता न येणाऱ्या मुलाशेजारी मात्र बसावंच लागेल, कारण सूचना लिखित आहेत. संगणकाच्या आठ पातळ्यांपैकी पहिलीच निवडा.

आणि कोंडीचा धडा, म्हणजे ज्याला स्टेलमेट म्हणतात तो (शह नाही, पण करायला एकही चाल उरलेली नाही, म्हणून डाव बरोबरीत), दोनदा करून घ्या. वजीर हाती असलेली मुलं जिंकलेला डाव इथेच बरोबरीत घालवतात. पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच अक्षरं आणि आडव्या ओळींना १ ते ८ आकडे असतात, त्या हिशेबाने काळा राजा एच८ वर एकटा, पांढरा वजीर जी६ वर, खेळी काळ्याची: शह नाही, आणि जी८, जी७, एच७ तिन्ही घरं वजिराच्या माऱ्यात. ही मांडणी पटावर ठेवा आणि विचारा, ‘राजाला शह आहे का?’ पोरगं ‘मात!’ म्हणून ओरडेल. उत्तर लगेच सांगू नका. वजिरापासून राजापर्यंतची रेघ त्यालाच बोटाने काढू द्या.