ब्लॅक फॉरेस्टमधला ट्रेल: ॲपवर शोधावा की सायकलच्या दुकानात विचारावा?

धुळे-जळगावकडची बरीच मुलं शिकायला जर्मनीत जातात. तिथे माउंटन बाइक घेतली की पहिला प्रश्न येतो, ब्लॅक फॉरेस्टच्या या अनोळखी जंगलात चांगली वाट कुठली?

ट्रेलफोर्क्स या ट्रेल शोधायच्या ॲपवर हिरवा, निळा, काळा अशा रंगांवरून वाट किती अवघड आहे ते घरबसल्या कळतं. कोमूट या मार्ग आखायच्या ॲपवरचा मार्ग आधीच फोनमध्ये उतरवून घेतला, तर रेंज नसली तरी चालतो. तोरणमाळच्या घाटात हिंडलेल्यांना याचं मोल सांगायला नको.

पण नकाशावर दिसणारी वाट सायकलसाठी खुली असेलच असं नाही. ब्लॅक फॉरेस्ट ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात येतं, तिथे २ मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवायला मुळात बंदी आहे. खास परवानगी मिळालेले ट्रेल तेवढे अपवाद. स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवायच्या ॲपचा हीटमॅप, म्हणजे वर्दळीचा नकाशा, लोक कुठून गेले एवढंच दाखवतो. दुकानदार मात्र खुले ट्रेल नेमके सांगतो, शिवाय लाकूडतोडीमुळे कुठली वाट बंद आहे आणि पावसाने कुठे निसरडं झालंय, हेही. आपल्याकडच्या कोरड्या मुरमावर ब्रेक मारायची सवय असलेल्याला स्प्रूसच्या (सूचीपर्णी झाडाच्या) वाटेवर आलेली ओली मुळं फार धोक्याची. तिथे ब्रेक आधीच मारून चाक सरळ ठेवावं लागतं.

म्हणून माझ्या मते पहिली फेरी दुकानात विचारूनच करावी, ॲप नंतर. रविवारी तिथली दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच गाठा.