ईकोला प्रोजेक्टर हेडलाइट: आठ महिने, माळशेज घाट आणि सव्वीस हजार किलोमीटर

गाडी २०१७ ची मारुती ईको कार्गो. धंदा फुलांचा, सोबत थोडी कोथिंबीर-मेथी. आठवड्यातून चार वेळा रात्री साडेअकराच्या सुमाराला ओतूर सोडायचं, माळशेज उतरायचा, मुरबाडवरून पहाटे कल्याणच्या मार्केटला गाडी लावायची आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचं. म्हणजे भरलेल्या गाडीचा सगळा प्रवास अंधारातला. ज्याला रात्री कधीतरी लग्नाहून परतायचं असतं त्याची गरज वेगळी, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

कंपनीचा हेडलाइट साधा रिफ्लेक्टरचा. आत एच-फोर हॅलोजन, डिप्पर (जवळचा, खाली पडणारा उजेड) ५५ वॅट आणि अप्पर (लांबचा) ६० वॅट. गाडी नवी होती तेव्हा तो ठीक वाटायचा. नंतर काच पिवळी पडली, समोरून येणाऱ्या नव्या गाड्यांचे पांढरे एलईडी वाढले, आणि त्यांच्यापुढे माझे दिवे म्हणजे देवघरातली समई. मधल्या काळात ९० / १०० वॅटचे बल्ब टाकून पाहिले. तीन महिन्यांत उजव्या बाजूचा होल्डर वितळला. मूळ वायर तेवढ्या करंटसाठी नसतेच, आणि हे बल्ब रस्त्यावर चालवायला परवानगीही नाही. त्यानंतर ऑनलाइन एलईडी बल्ब मागवले, हॅलोजनच्या जागी सरळ बसणारे. उजेड भरपूर, पण सगळीकडे. झाडांचे शेंडे दिसायचे आणि खड्डे दिसायचे नाहीत. रिफ्लेक्टरची बशी हॅलोजनच्या तारेची जागा धरून घडवलेली असते. त्या जागी दोन बाजूंना चिप असलेली पट्टी ठेवली की किरण वाटेल तिकडे जातात. समोरच्यांच्या शिव्या खाऊन पंधरा दिवसांत ते काढले.

प्रोजेक्टरचं तसं नाही. आत वाटीसारखा आरसा, पुढे भिंगाची गोल काच आणि दोघांच्या मध्ये एक पत्र्याचा पडदा. पडद्याची कड उलटी होऊन रस्त्यावर पडते, म्हणून उजेड एका रेषेवर कापल्यासारखा थांबतो. अप्पर मारला की छोटं विजेचं चुंबक तो पडदा खाली ओढतं, ‘टक’ असा आवाज येतो आणि वरचा भाग मोकळा होतो. एकाच भिंगातून डिप्पर आणि अप्पर दोन्ही मिळतात, त्याला बाय-एलईडी म्हणतात.

गेल्या मे महिन्यात, पावसाआधी, पुण्यातल्या एका दुकानात काम करून घेतलं. अडीच इंची बाय-एलईडीची जोडी ९,५०० रुपये, रिले-वायरिंगचा, म्हणजे बॅटरीची वीज सरळ दिव्याला देणारा संच ९००, मजुरी ३,०००. शिवाय भंगारबाजारातून ईकोच्या जुन्या हेडलाइटची जोडी २,६०० ला उचलली आणि कापाकापी तिच्यावर केली. हा माझ्याकडून झालेला एकमेव दूरदर्शीपणा. मूळ हेडलाइट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर आहेत.

दुकानातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यात बरेच जण फसतात. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे डिप्परची रेषा डावीकडे थोडी वर चढायला हवी. कडेचा सायकलवाला, पाटी, गटार दिसावं आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून ती पायरी. बाजारात येणारा बराच माल उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा असतो, त्यात पायरी उजवीकडे चढते. पहिली जोडी तशीच निघाली. दुकानातलं पोरगं म्हणालं, “शेठ, एवढ्याने काय फरक पडतो?” म्हटलं, भाऊ, समोरून येणाऱ्याला विचार. जोडी बदलून घेतली. विकत घ्यायच्या आधी बॅटरीला लावून भिंतीवर बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

पहिल्या रात्री रिकामी गाडी घेऊन मढपर्यंत गेलो आणि खरं सांगतो, लहान पोरासारखा खूश होऊन आलो. रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखा अंथरलेला उजेड. मध्ये काळे डाग नाहीत, वर पसारा नाही.

दुसऱ्या रात्री गाडी भरली. चारशे किलोच्या आसपास माल, बहुतेक मागच्या धुऱ्यावर. ओतूरच्या बाहेर पडलो आणि समोरून येणारा प्रत्येक जण डिप्पर मारून खुणावायला लागला. मला वाटलं पुढे पोलीस आहेत. मोरोशीच्या पुढे चहाला थांबलो तर एक ट्रकवाला खाली उतरून आला. “दादा, अप्पर बंद करा की. डोळे गेले आमचे.” मी म्हटलं, डिप्परवरच आहे. त्याने गाडीच्या मागे जाऊन बघितलं आणि हसला. “ढुंगण बसलंय गाडीचं.”

नंतर घरी हिशेब मांडला. ईकोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३५ सेंटीमीटर. मालाने मागची बाजू ५ सेंटीमीटर बसली तर नाक शेकडा दोनच्या थोडं वर उचललं जातं. दुकानदाराने रिकाम्या गाडीत रेषा शेकडा एक खाली, म्हणजे १० मीटरवर १० सेंटीमीटर खाली लावली होती. म्हणजे भरल्या गाडीत ती शेकडा एक वर गेली. पन्नास मीटरवर ती रेषा जमिनीपासून सव्वा मीटरवर येते, बरोबर समोरच्या कारवाल्याच्या डोळ्यांशी. हॅलोजनमध्येही हे होतच होतं, पण तो उजेड मुळात फिका आणि विस्कटलेला, त्यामुळे कुणाला जाणवायचं नाही. प्रोजेक्टरमध्ये रेषेच्या खाली दिवस आणि वर रात्र असते. समोरच्याचा डोळा रेषेखाली आला की तो आंधळाच झाला म्हणायचं.

मग शेजारच्या पोल्ट्रीच्या भिंतीसमोर सपाट जागा बघून गाडी लावली, तीही माल भरून, टायरची हवा बघून, स्वतःच्या सीटवर चुलतभावाला बसवून. भिंगाच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने मारली, १० मीटर मागे गेलो आणि मागचे स्क्रू फिरवून रेषा त्या खुणेच्या १० सेंटीमीटर खाली आणली. दोन्ही दिवे वेगवेगळे, एकावर पोतं टाकून. अर्धा तास गेला. त्या दिवसापासून समोरून एकही तक्रार नाही. परतीला गाडी रिकामी असते तेव्हा उजेड फार जवळ पडतो, पण तोवर उजाडायला आलेलं असतं. ज्यांची रिकामी गाडीही रात्रीच पळते त्यांनी दिवे खालीवर करणाऱ्या मोटरची सोय आधी बघावी आणि मग प्रोजेक्टरचा विचार करावा.

आता पाऊस. माळशेजमध्ये जुलै-ऑगस्टला जे धुकं उतरतं त्याला आमच्याकडे धुकं म्हणत नाहीत, ढग म्हणतात. दुकानात मला ६००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढराशुभ्र रंग आणि ४३०० चा किंचित पिवळसर असे दोन पर्याय दाखवले होते. मी पांढरा घेतला, कारण दुकानात तो भारी दिसला. चूक. ढगात तो उजेड समोर पांढरा पडदा टांगल्यासारखा परत अंगावर येतो. त्याहून त्रासदायक म्हणजे ओलं डांबर. भिजलेला काळा रस्ता आरशासारखा उजेड पुढे ढकलून देतो, आणि मुरबाडच्या अलीकडे पट्टे पुसलेल्या तुकड्यावर दिवे चालू आहेत की नाहीत अशी शंका येते. रंग बदलून ओल्या रस्त्याचं सगळं दुखणं जात नाही, पण पिवळसर उजेडात डोळ्यांचा ताण कमी होतो हे मी दुसऱ्याच्या गाडीत बसून अनुभवलंय. शेवटी ऑगस्टमध्ये बंपरच्या खाली पिवळे फॉग लॅम्प लावले, १,८०० रुपये. दाट ढगात मी आता प्रोजेक्टर बंद करून फॉग लॅम्पवर, वीसच्या वेगाने, डावीकडचा कठडा धरून उतरतो.

जुलैतच उजव्या हेडलाइटमध्ये पाणी धरलं. काच काढताना गरम करून जुना चिकट गोंद सोडवतात आणि बसवताना नवा ब्युटाइलचा दोरा भरतात. एका कोपऱ्यात दोरा नीट दाबला गेला नव्हता. दुकानाने पैसे घेतले नाहीत, पण माझी एक फेरी बुडाली. इथे एलईडीची एक खोड कळली. हॅलोजन तापतो, त्यामुळे काचेवरचं दव, आतली वाफ, चिखलाचे शिंतोडे आपोआप वाळतात. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला जाते आणि पुढची काच थंडगार राहते. आता जानेवारीत पहाटे ओतूरच्या बाहेर दोनदा उतरून फडक्याने काच पुसावी लागते. आधी कधी लागली नव्हती.

ऑक्टोबरात डावा दिवा वीस मिनिटांनी मंद व्हायला लागला. ऐन दसऱ्याच्या झेंडूच्या धावपळीत. आत चिप थंड ठेवायला छोटा पंखा असतो, त्यात धूळ आणि फुलांच्या पाकळ्यांचा भुसा अडकला होता. चिप तापली की स्वतःला वाचवायला ती उजेड कमी करते. दाताच्या ब्रशने साफ केला, तेव्हापासून ठीक. आता महिन्यातून एकदा साफ करतो. रेडिओवर दिवे लावले की खरखर येते, ती अजून गेलेली नाही. आण्णांना रात्रीची जुनी गाणी लागतात म्हणून तेवढं वाईट वाटतं.

आण्णा म्हणजे वडील. त्यांनी तीस वर्षं याच घाटात मॅटाडोर चालवली. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. दिवाळीआधी एकदा सोबत आले, तासभर काही बोलले नाहीत, मग बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर म्हणाले, “उजेड लय चांगलाय, पण वळणात आंधळा आहे.” अगदी खरं. घाटाच्या आखडत्या वळणात उजेडाची रेषा सरळ दरीत जाते आणि वळणाच्या पोटातला रस्ता काळा राहतो. चढ संपून उतार लागतो तिथेही रेषा अचानक हवेत संपते. जुन्या हॅलोजनचा तो विस्कटलेला उजेड वर-बाजूला सांडायचा, त्यात निदान अंदाज यायचा. वरच्या दिशादर्शक पाट्या आता डिप्परवर वाचताच येत नाहीत. आणि आमच्या जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेला चमकणारे डोळे दिसणं गरजेचं असतं. उंच बांधावर बसलेला बिबट्या रेषेच्या वर राहतो. डिसेंबरात एकाने तिथूनच उडी मारून रस्ता ओलांडला, माझ्या बंपरपासून फार तर दहा फुटांवर. मोकळ्या रस्त्यावर आता अप्पर जास्त वापरतो, आणि अप्पर मात्र खरोखर दमदार आहे.

फायदा कुठे झाला तर उसाच्या ट्रॉल्यांत. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. समोरून गाडी येत असताना डिप्परवर असलो तरी डावीकडची ट्रॉली आता लांबून कळते, कारण ती पायरी तिच्या मागच्या बाजूवर पडते. या एका गोष्टीसाठी पैसे वसूल.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय. बाहेरून बसवलेला प्रोजेक्टर त्या गाडीसाठी प्रमाणित नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०६ मध्ये दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवरचा डोळा दिपू नये अशी अट आहे. माझी रेषा त्यात बसते, पण बसते म्हणून बदल कायदेशीर होत नाही. पिवळी नंबरपाटी, म्हणजे धंद्याची गाडी असल्याने मला आता दरवर्षी फिटनेसची तपासणी आहे, त्या वेळी माळ्यावरचे मूळ हेडलाइट खाली येतील. विम्याच्या दाव्यात अडचण येऊ शकते हे गृहीत धरूनच मी हे केलंय.

सगळे मिळून १७,८०० गेले. परत करायचं झालं तर उलट क्रमाने करीन. आधी ९०० चं रिले-वायरिंग. जुन्या गाडीत स्विचमधून फिरून येईपर्यंत व्होल्टेज गळतं, आणि हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज एक दशांश घसरलं की उजेड जवळजवळ तीस टक्के जातो. आपण बल्बला नावं ठेवतो आणि चोर वायरीत असतो. रिलेने बॅटरीची वीज सरळ बल्बला मिळते. त्यासोबत पिवळी काच पॉलिश किंवा नवी, चांगल्या कंपनीचा ५५ / ६० चाच बल्ब, आणि भरल्या गाडीत लावलेली रेषा.

चुलतभावाची ईको माझ्याहून वर्षभर जुनी. माझे दिवे बघून त्यालाही प्रोजेक्टरच हवे होते. त्याला आधी एवढंच करायला लावलं, दिवाळीच्या आठवड्यात. त्याने अजून प्रोजेक्टरचं नाव काढलेलं नाही.