बांबू, शिसम आणि पीव्हीसी: पांढरी एकच्या तीन बासऱ्या

इंदूरच्या बाजारात पांढरी एकची, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा असलेली, बासरी मागितली की बांबूबरोबर आता शिसमाची आणि पीव्हीसीचीही पुढे केली जाते, आणि 'लाकडाचा आवाज गोड, प्लास्टिकचा कोरडा' हे विक्रेत्याचे वाक्यही ठरलेले असते. या तिन्ही बासऱ्या एकाच तानपुऱ्यावर वाजवून पाहिल्यानंतर मला ते वाक्य पटत नाही.

पीव्हीसीची बासरी सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर जवळजवळ निर्दोष उतरली. परंतु ट्यूनर हार्मोनियमप्रमाणे बारा समान भागांचे सप्तक गृहीत धरतो, आणि तानपुऱ्याच्या षड्जाशी मिळणारा शुद्ध गंधार त्याहून सुमारे १४ सेंट खाली असतो (सेंट म्हणजे त्या बारा भागांपैकी एकाचा शंभरावा हिस्सा). म्हणून भूप राग वाजवताना, ट्यूनरने अचूक ठरवलेला तोच गंधार कानाला चढा लागला आणि प्रत्येक वेळी बासरी ओठांकडे किंचित वळवून तो उतरवावा लागला. बांबूच्या बासरीत मात्र वरचे एकच छिद्र झाकून फुंकताक्षणी गंधार तानपुऱ्यात मिसळला. हे श्रेय बांबूचे नव्हे, कानाने सूर मिळवणाऱ्या कारागिराचे आहे. तिचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम थोडा उतरलेला आहे, पण फुंकीने तो सहज सावरतो.

शिसमाची बासरी दिसायला देखणी, हाताला जड. तिच्या जाड भिंतीत छिद्रांच्या कडा आतून तासलेल्या नसल्यामुळे मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकताना, सूर अडखळतो आणि तार सप्तकासाठी जास्त जोर लावावा लागतो. किंमत पाहता मी ती सुचवणार नाही.

नादाच्या बाबतीत अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांचा १९७१ चा प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे: आतून सारख्याच मापाच्या चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या बासऱ्या श्रोत्यांना किंवा वादकांना नुसत्या आवाजावरून ओळखता आल्या नाहीत. नाद घडतो तो आतल्या हवेच्या स्तंभातून आणि फुंकीच्या छिद्राच्या कडेवर. ती कड बोथट असेल तर बांबूही फुसफुसतो.

पदार्थाचा खरा फरक हवामानात दिसतो. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो तेव्हा इथल्या कोरड्या हवेत बांबू तडकतो, म्हणून दोऱ्याची घट्ट गुंडाळी आणि आतून तेलाचा हलका हात आवश्यक आहे. पीव्हीसीला ही चिंता नाही. पण ते ओल शोषत नसल्यामुळे श्वासाचे थेंब आत साचतात आणि फडके फिरवावे लागते. तापमानाबरोबर सूर चढणे मात्र कोणत्याच बासरीला चुकत नाही, कारण आतली हवा एका अंशाने तापली की सूर सुमारे ३ सेंट वर सरकतो.

रोजच्या सरावासाठी आणि प्रवासासाठी पीव्हीसी घ्यावी. रागसंगीत गंभीरपणे शिकायचे असल्यास बांबूचीच घ्यावी, आणि ती निवडताना दुकानात मोबाइलवर ट्यूनर न उघडता तानपुरा लावून गंधार आणि धैवत आधी वाजवून पाहावेत.