स्फिंक्सचं किमान व्हर्जन 7.2 केलं, त्याला आठ महिने झाले

आमचं डॉक्युमेंटेशन स्फिंक्सवर बनतं, म्हणजे साध्या मजकुरातून डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणाऱ्या पायथनमधल्या साधनावर. आठ महिन्यांपूर्वी किमान व्हर्जन 2.4.4 वरून थेट 7.2 वर नेलं. ओघानेच पायथन 3.9 सक्तीचं झालं. तेव्हा मी विरोधात होतो, आज नाही.

आधीचे हाल आठवतात. 2022 मध्ये जिन्जा 3.1 ने (स्फिंक्स पानांच्या साच्यांसाठी वापरतं ती लायब्ररी) 'एन्व्हायर्नमेंटफिल्टर' हे फंक्शन काढलं, जुनं स्फिंक्स तेच मागत राहिलं, आणि आमची एक ओळही न बदलता बिल्ड (पानं तयार करण्याची प्रक्रिया) कोसळलं. आम्ही जिन्जा जुन्यावर अडकवून ठेवलं. 2024 च्या सुरुवातीला ॲपलहेल्पसारखी जोड-पॅकेजेस स्फिंक्स 5.0 मागू लागली, तीही अडकवली. प्रत्येक वेळी अर्धा दिवस जायचा आणि लिखाणात एका शब्दाची भर पडत नसे.

व्हर्जन वाढवल्यावर पहिला आठवडा जड गेला. स्फिंक्स 3.0 पासून सी भाषेची डिक्लेरेशन्स खऱ्या पार्सरने वाचली जातात, आधी रेग्युलर एक्स्प्रेशनवर, म्हणजे मजकुराचे ठरावीक नमुने जुळवण्यावर, भागत होतं. त्यामुळे वॉर्निंग्जचा ढीग पडला. वैतागून एक उघडली, तर फंक्शनच्या दोन पॅरामीटर्समध्ये स्वल्पविरामच नव्हता. कित्येक वर्षं वाचक ती चूक वाचत होते! बहुतेक वॉर्निंग्ज अशाच रास्त निघाल्या. कॉन्फिगरेशनमधले 'व्हर्जन अमुक असेल तर' वाले सगळे फाटेही उडवता आले.

एक ठेच मात्र लागली. किमान 7.2 असं लिहून ठेवलं, पण सर्व्हरवर चाचणी कायम ताज्या व्हर्जनवरच होत होती. महिन्याभरात कुणीतरी नवी सोय वापरली आणि 7.2 वाल्या सहकाऱ्याचं बिल्ड मोडलं. आता 7.2 आणि ताजं व्हर्जन अशा दोन्ही टोकांवर बिल्ड चालतं, वॉर्निंग आली की दोन्हीकडे थांबतं. हे करणार नसाल तर किमान आकडा लिहूच नका.

किमान व्हर्जन सांगणारी 'नीड्स_स्फिंक्स' ही सेटिंगही कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जरूर ठेवा. जुनं व्हर्जन असेल तर एक्स्टेन्शन लोड होण्याआधीच स्पष्ट निरोप मिळतो. फक्त कॉन्फिगरेशन फाइल त्याआधी चालते, म्हणून तिथे नव्या व्हर्जनमधलं काही इम्पोर्ट करू नका, नाहीतर निरोपाऐवजी इम्पोर्ट एरर दिसते.

लिनक्स कर्नलने आपल्या डॉक्युमेंटेशनसाठी स्फिंक्सच्या 2.4.4 वरून उडी मारली ती 3.4.3 पर्यंतच, म्हणजे डेबियन 11 या लिनक्स वितरणासोबत येणाऱ्या व्हर्जनवर. तिथे असंख्य लोक वितरणातलंच पॅकेज वापरतात, त्यांना तेच योग्य. आमच्याकडे डॉक्युमेंटेशन बनवणारे मोजकेच आहेत. जुन्या लॅपटॉपवर भाषांतर करणारी एक सहकारी अडली होती, तिच्यासोबत बसून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन पॅकेजेससाठी वेगळी जागा) लावलं. त्याच संध्याकाळी तिचं प्रकरण बिल्ड झालं.