कॅम्पससाठी लँडस्केप फर्म की गार्डन कॉन्ट्रॅक्टर? दोन्ही एकाच आवारात बघितल्यावर

आमच्या कॅम्पसमध्ये दोन्ही प्रकार एकाच कंपाउंडच्या आत आहेत म्हणून लिहायला बसलो. जुन्या इमारतींच्या बाजूचं सगळं काम मॅनेजमेंटने गार्डन कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतलेलं, आणि नवीन इमारतींच्या बाजूला लँडस्केप आर्किटेक्टची, म्हणजे जमीन, पाणी, झाडं यांची आखणी करणारी फर्म नेमायची असं ज्या कमिटीने ठरवलं तिच्यात मी होतो. मुंबईत आता कॉलेजांची विद्यापीठं होतायत, आहे त्याच जागेत नवीन बिल्डिंगा उभ्या राहतायत, तेव्हा हा प्रश्न बऱ्याच जणांपुढे असणार.

कॉन्ट्रॅक्टरची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यात दम आहे. फोन केला की माणूस हजर, मेलेलं रोप बदलून मिळतं, माळी त्याचेच असतात, आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम यायच्या आधी लॉन, कुंड्या, फॉक्सटेल पाम सगळं उभं राहतं. नॅकच्या मूल्यांकनात ग्रीन कॅम्पस येतोच, त्यामुळे प्रिन्सिपॉलना घाई असते आणि ती मी समजू शकतो. फर्मचं बरोबर उलट. सुरुवातीला नुसती ड्रॉइंग, सर्व्हे, मीटिंगा, मग लावलेली झाडं एवढीशी की ट्रस्टी विचारतात पैसे गेले कुठे. वर फी वेगळी, आणि प्रत्यक्ष काम करायला शेवटी कॉन्ट्रॅक्टर लागतोच.

तरीही माझा कल फर्मकडे का, तर एकाच गोष्टीमुळे. लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची.

जुन्या बाजूला लॉनसाठी लाल माती आली, शेणखत आलं, ते ब्रासच्या (100 घनफूट) हिशोबाने येतं आणि बिलही त्यावरच होतं, म्हणजे माती कमी टाकण्यात कोणालाच रस नाही. मग काही वर्षांनी जुन्या पेव्हर ब्लॉकवरच नवीन पेव्हर ब्लॉक. जमीन अशी चढत गेली आणि लायब्ररीची प्लिंथ, म्हणजे जोतं, होती तिथेच राहिली. आता जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की पाणी थेट लायब्ररीच्या दारात, वॉचमन आणि शिपाई वायपर घेऊन पाणी बाहेर ढकलतायत आणि मुलं चपला हातात घेऊन आत येतायत, दरवर्षी हेच. कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर तो म्हणतो ड्रेनेज सिव्हिलवाल्यांचं. सिव्हिलवाले म्हणतात आमच्या ड्रेनेजच्या चेंबरवर माती यांनी टाकली. इमारतीचे आर्किटेक्ट म्हणतात आमच्या ड्रॉइंगमध्ये ढाळ वेगळा होता. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील, पण जमिनीची लेव्हल कोणाच्याच स्कोपमध्ये नव्हती आणि मला सगळ्यात जास्त त्रास ह्याचाच झाला. जाता जाता अजून एक, त्याच मातीत जुन्या रेन ट्रीचा बुंधा बराच वरपर्यंत गाडला गेला. मुळांना हवा लागते, बुंध्याभोवती अशी भर घातली की मोठं झाड हळूहळू खंगतं, आणि मग फांद्या पडायला लागल्या की तोडायची परवानगी मागायला वॉर्डात खेपा.

फर्मने पहिल्यांदा काय मागितलं तर कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या चढउतारांची मोजणी, तोही प्रत्येक जुन्या झाडाच्या बुंध्याजवळच्या लेव्हलसकट. मग भर जुलैमध्ये त्यांची माणसं छत्र्या घेऊन पाणी कुठून कुठे जातंय बघत फिरली. लॉन रस्त्यापेक्षा खाली ठेवलं, कर्बला जागोजागी खाचा ठेवल्या म्हणजे पाणी आधी झाडांच्या वाफ्यात जातं आणि उरलेलं गटारात. दोन इमारतींमधली चेंबरची लाइन तर प्लंबिंगचं काम सुरू व्हायच्या आधीच हलवली, आणि हे जमलं कारण प्लिंथ लेव्हल फायनल व्हायच्या आधीपासून फर्म मीटिंगांत होती. मी काही मोजमाप ठेवलेलं नाही, पण नव्या बाजूला पाणी साचतं ते लॉनमध्ये साचतं आणि पाऊस थांबला की उतरतं, दारापर्यंत येताना मी तरी पाहिलं नाही. 26 जुलै 2005 सारखा दिवस आला, सांताक्रूझला 944 मिमी, तर त्यापुढे कुठलंच डिझाइन पुरणार नाही हे मान्य. पण आपल्याकडे भरतीच्या वेळी बाहेरचं गटारच पाणी घेत नाही, तेव्हा थोडा वेळ पाणी आपल्याच आवारात धरून ठेवायला जागा हवीच.

हे मोठ्या पातळीवर बघायचं असेल तर चीनमधल्या शेनयांग जियानझू विद्यापीठाचं काम बघा. कोंगजियान यू यांच्या ट्युरेनस्केप फर्मने तिथे चक्क भातशेती ठेवली, पावसाचं पाणी तळ्यात साठवून शेताला, शेतातून वाटा, बसायला जागा आणि कापणीला विद्यार्थी. बजेट कमी, वेळही कमी, तरी. आपल्याकडे राजगीरचं नवीन नालंदा विद्यापीठ आहे, मास्टर प्लॅन आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या वास्तुशिल्प कन्सल्टंट्सचा. तिथे बिहारच्या जुन्या आहर-पईन (बांध घालून केलेली तळी आणि पाट) पद्धतीवरून पाण्याची आखणी केलीये, सुमारे 455 एकरांत जवळपास 100 एकर पाणी. दोन्हीकडे जमीन आणि पाणी आधी ठरलं, शोभा नंतर.

झाडांच्या निवडीतही फरक जाणवला, पण तो माझ्यासाठी दुय्यम. अमेरिकन लँडस्केप आर्किटेक्ट बिअॅट्रिक्स फॅरंड बाईंनी 1912 पासून प्रिन्स्टन विद्यापीठाचं काम बघितलं, त्या मुलं कॅम्पसवर असतात त्या महिन्यांत खुलणारी झाडं निवडायच्या. आमच्या फर्मनेही तोच विचार केला. बहावा, ताम्हण एप्रिल-मेमध्ये फुलतात तेव्हा परीक्षा आणि सुट्ट्या, म्हणून त्यांच्या जोडीला पावसाळ्यासाठी कदंब आणि दिवाळीच्या आसपास फुलणारी सातवीण. कदंब अजून लहान आहेत. सावली जुन्याच बाजूला आहे आणि मुलांचा कट्टाही अजून तिकडेच भरतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तुमची जागा छोटी असेल, नवीन बांधकाम काहीच नसेल आणि पावसात पाणी नीट निघून जात असेल, तर चांगला कॉन्ट्रॅक्टर पुरेल असं मला वाटतं, फर्मची फी कदाचित जड जाईल. पण एक जरी नवीन इमारत कागदावर असेल तर फर्म, आणि तीही सिव्हिलचं टेंडर निघायच्या आधी. बिल्डिंग उभी राहिल्यावर बोलावलंत तर त्यांच्या हातात झाडं निवडण्यापलीकडे फार काही उरत नाही, मग फी देऊन उपयोग काय. बीओक्यू, म्हणजे कामाची आणि मालाची मोजमापासकट यादी, त्यांच्याकडूनच करून घ्या म्हणजे कॉन्ट्रॅक्टरांचे रेट एकाच कामाचे येतात आणि तुलना करता येते. आणि अॅग्रीमेंटमध्ये दोन गोष्टी लिहून घ्या, निदान पहिल्या दोन पावसाळ्यांत त्यांची साइट व्हिजिट, आणि फर्मच्या सहीशिवाय आवारात एक ब्रासही माती किंवा पेव्हर ब्लॉकचा नवा थर टाकायचा नाही. दुसऱ्या अटीला आमच्या इस्टेट ऑफिसने बराच विरोध केला होता, तुमच्याकडेही करतील, पण ती सोडू नका.