रंग ताजा, फळी कुजकी: जुनी मासेमारी बोट घेताना मी कसा फसलो

गेल्या हंगामाच्या तोंडावर मी एक जुनी फायबरची मासेमारी बोट घेतली. लांबी १८ फूट, मागे ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, आणि सोबत "सगळं सामान": लाईफ जॅकेट, नांगर, दोर, बॅटरी, संकटात संदेश पाठवणारं यंत्र. विकणारा माणूस जुन्या बोटींचाच धंदा करणारा, बोलायला गोड. त्याचं नाव मी इथे देत नाही. त्याने केलेल्या युक्त्या मात्र एकेक करून सांगतो, कारण त्या कुणीही कुठेही करू शकतो.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा बोट उन्हात नुसती चकाकत होती. बाहेरून निळा रंग, आतून पांढरा, रंगाचा वास अजून गेला नव्हता. मी विचारलंही, रंग इतका नवा कसा? "दादा, गिऱ्हाइकाच्या हाती स्वच्छ वस्तू द्यावी म्हणून पदरचा खर्च केलाय," तो म्हणाला. मला त्यात त्याचा चांगुलपणा दिसला. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक बघायला येणार आहे, असंही त्याने जाता जाता सांगितलं. मी तिथल्या तिथे व्यवहार पक्का केला.

तिसऱ्या महिन्यात आम्ही दोघं भाऊ किनाऱ्यापासून बरेच आत होतो. वारा वाढला, लाटा आडव्या यायला लागल्या, म्हणून परत फिरलो. बोट लाटेवरून खाली आपटली की मागून "कर्र" असा आवाज यायचा. वळून पाहिलं तर इंजिन मागे-पुढे डुलत होतं. क्लॅम्प सैल झाला असेल म्हणून हात लावला. क्लॅम्प घट्ट होता; हलत होती ती बोटीची मागची फळीच, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना रंगात केसासारख्या भेगा पडल्या होत्या आणि प्रत्येक लाटेला त्या उघडत-मिटत होत्या. तळाशी पाणी साचायला लागलं. धाकट्याने इंजिनाला दोर बांधून तो पुढच्या कड्याला ताणून धरला, मी अगदी कमी वेगावर बोट किनाऱ्याकडे आणली. पोचायला साडेतीन तास लागले. एरवी हे अंतर चाळीस मिनिटांचं.

दुसऱ्या दिवशी एका वयस्कर मिस्त्री काकांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि फळीच्या तळाचा, पाण्याखाली राहणारा एक स्क्रू काढला. त्या भोकातून गंजाच्या रंगाचं पाणी थेंब थेंब गळायला लागलं. कुजलेल्या पाचोळ्यासारखा वास. मग त्यांनी त्याच भोकात स्क्रू ड्रायव्हर दाबला, तर तो ओल्या पुठ्ठ्यात शिरावा तसा आत गेला. "बाळा, इंजिन लाकडावर नाही, रंगावर टांगलंय," काका म्हणाले.

झालं होतं ते असं. पुष्कळशा जुन्या फायबरच्या बोटींत मागची फळी नुसत्या फायबरची नसते. आत प्लायवुड असतं आणि दोन्ही अंगांनी फायबरचे थर. त्यात स्क्रू मारून भोक नीट सील केलं नाही की पाणी आत झिरपतं आणि आतच राहतं. लाकूड कुजतं, वरचं कवच मात्र साबूत दिसतं. माझ्या बोटीवर मासे शोधण्याच्या यंत्राचा सेन्सर आधीच्या मालकाने तीनदा जागा बदलून लावलेला होता. ती सगळी भोकं पुट्टीने भरून वर रंग फासला होता. आतलं लाकूड सडलंय हे विकणाऱ्याला माहीत होतं, याबद्दल मला शंका नाही: पुट्टी नेमक्या त्या भोकांवर आणि भेगांवरच होती, बाकी कुठे नव्हती.

हे तपासायला यंत्र लागत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने फळीवर जागोजागी ठोकून बघा. घट्ट फळी टणक, मोकळा आवाज देते. कुजलेल्या जागी आवाज बसका येतो. इंजिन वर तिरकं करून त्याच्या सर्वांत खालच्या टोकाला धरून अंगाचा भार द्या आणि दुसऱ्याला फळीकडे बघत राहायला सांगा. फळी वाकताना दिसली तर तिथून निघा. आणि पाण्याखालचा एखादा स्क्रू काढून दाखव म्हणा. नकार आला तर उत्तर मिळालंच.

आता माझ्या बोटीत नवं मरीन प्लायवुड घातलंय. प्रत्येक भोक आधी लागतं त्यापेक्षा मोठं पाडायचं, ते इपॉक्सीने, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या चिकट रसायनाने, पूर्ण भरायचं, वाळलं की त्या इपॉक्सीच्या मधोमध हवं तेवढं भोक पाडायचं. म्हणजे सीलंट हुकला तरी पाणी लाकडाला शिवत नाही. काम वेळखाऊ आहे, पण यात घाई करू नका.

फळी उघडल्यावर माझा त्या माणसाने दिलेल्या कुठल्याच वस्तूवर विश्वास राहिला नाही. एकेक वस्तू तपासायला घेतली.

इंजिन बघायला गेलो तेव्हा ते एका झटक्यात सुरू झालं होतं. मी खूश. पण मी पोचायच्या आधीच त्याने ते चालवून गरम करून ठेवलं होतं, हे मला सुचलंच नाही. थंड असताना तेच इंजिन सकाळी दहा-बारा वेळा दोरी ओढावी तेव्हा पेटतं. काकांनी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं. दोन सिलिंडरच्या आकड्यांत एक दशांशाहून जास्त फरक नसावा असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. माझ्या इंजिनात तिसऱ्या हिश्श्याएवढा फरक निघाला. तेव्हा पोचल्या पोचल्या आधी इंजिनाच्या डोक्यावर तळहात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या, न सांगता या.

खालच्या गियरच्या डब्यातलं ऑइलही त्याने मला काढून दाखवलं होतं. स्वच्छ, पारदर्शक. आदल्याच दिवशी बदललेलं. ऑइल दुधाळ दिसलं तर सील, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, गेलं आणि पाणी आत आलं, हे खरंच आहे. पण ऑइल ताजं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. बोट पाण्यात अर्धा-पाऊण तास चालवायची, थोडा वेळ उभी ठेवायची आणि मग तळाचा स्क्रू सैल करून पहिले थेंब बघायचे. पाणी जड, ते आधी येतं. मी इंजिनाचा पाण्यातला पंखा काढला तेव्हा त्याच्यामागे शाफ्टला, म्हणजे तो फिरवणाऱ्या दांड्याला, नायलॉनच्या मासेमारीच्या दोऱ्याची घट्ट अंगठी वळलेली होती. तो दोरा उष्णतेने वितळून सीलच्या ओठात रुतला होता. तेव्हापासून मी पंखा नेमाने उतरवतो, दोरा दिसला तर कापून काढतो, शाफ्टला मरीन ग्रीस लावतो. दहा मिनिटांचं काम आहे, त्याने गियरबॉक्स वाचतो.

इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते ना, तीसुद्धा नीट बघा. माझी धार होती, पण लेचीपेची. आतल्या पंपाच्या रबरी इंपेलरच्या पात्या वाकून कडक झाल्या होत्या. खाऱ्या पाण्यातून आलं की दर वेळी गोड्या पाण्याने इंजिन धुवायचं, आणि पाणी चालू केल्याशिवाय ते जमिनीवर क्षणभरही सुरू करायचं नाही. कोरडा इंपेलर बघता बघता जळतो. इंजिनाच्या ब्रॅकेटवरची क्रमांकाची पट्टी खरवडलेली असेल तर मात्र पुढे काही तपासूच नका. चोरीचा माल असू शकतो.

इंजिनावरचे झिंकचे तुकडे, म्हणजे अॅनोड, त्याने बोटीसोबत छान रंगवून टाकले होते. अॅनोडचं कामच मुळी स्वतः झिजून इंजिनाचं अॅल्युमिनियम वाचवायचं. रंग लावला की तो पाण्यापासून तुटतो आणि मग झीज इंजिनाची होते. ही फसवणूक होती की अडाणीपणा, मला सांगता येणार नाही. नुकसान तेच. अॅनोड निम्मा झिजला की बदला, आणि त्याला कधीही रंग लावू नका.

बोल्टांच्या बाबतीत मात्र सरळ लबाडी होती. "सगळे मरीन ग्रेडचे, ३१६ स्टीलचे," म्हणत त्याने माझ्यासमोर लोहचुंबक लावून दाखवला. चिकटला नाही. मी मान डोलावली. पण ३०४ या साध्या स्टेनलेस स्टीललाही चुंबक बहुधा चिकटत नाही! ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं, आणि चुंबकाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. खात्री करायची तर बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का बघावा (ए४ म्हणजे ३१६ च्या जातीचा, ए२ म्हणजे ३०४ च्या), किंवा मॉलिब्डेनम ओळखणारं रसायनाचं किट वापरावं. माझ्या बोल्टांवर ए२ असं स्पष्ट कोरलेलं होतं. मी वाचलंच नव्हतं.

नांगराचा दोर नायलॉनचा सांगितला होता. बादलीत तुकडा टाकला, तर तरंगला. नायलॉन पाण्यात बुडतं; तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीन, आणि ते उन्हाने ठिसूळ होतं, नायलॉनसारखं ताणून झटका सोसत नाही.

संकटसंदेशाच्या यंत्राचं मला सर्वांत जास्त कौतुक होतं. बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा. धाकट्याला मी ते मोठ्या अभिमानाने दाखवलं होतं. नंतर मागचं लेबल वाचलं: १२१.५ मेगाहर्ट्झ, एवढंच. कोस्पास-सारसॅट या उपग्रह यंत्रणेने १२१.५ मेगाहर्ट्झचे संदेश टिपणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलंय. उपग्रह ऐकतात ते ४०६ मेगाहर्ट्झवरचं यंत्र. म्हणजे त्या दिवशी फळी पुरती फाटली असती, आम्ही बटण दाबलं असतं, दिवा लुकलुकला असता आणि वर एकाही उपग्रहाने ऐकलं नसतं. ४०६ चं जुनं यंत्र घेतलंत तरी एक गोष्ट करा: त्यावरच्या १५ अक्षरी क्रमांकाची नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्या. नाहीतर शोधपथक आधीच्या मालकाला फोन करेल आणि तो घरी बसून सांगेल, मी ठीक आहे. बॅटरीची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

त्याला जाब विचारायला गेलो. त्याने शांतपणे मी सही केलेला कागद पुढे केला. "बोट व सामान जसं आहे तसं, पाहून, पसंत करून घेतलं." ते वाक्य मी त्या वेळी वाचलं होतं, त्याचा अर्थ मनावर घेतला नव्हता. तोंडी त्याने जे जे सांगितलं त्यातला एक शब्द कागदावर नव्हता. तुम्ही घेत असाल तर इंजिनाचा क्रमांक, स्टीलचा ग्रेड, यंत्राची फ्रिक्वेन्सी, मोठ्या दुरुस्त्या, सगळं त्याच्या हाताने लिहून घ्या. थोडी रक्कम पाण्यातल्या चाचणीनंतर देऊ, असं ठरवा. आणि बोटीचं कळणारा, पण या व्यवहारात कसलाच हिस्सा नसलेला माणूस सोबत न्या. मी काकांना आधी नेलं असतं तर त्यांनी अर्ध्या तासात मला परत आणलं असतं.

लाईफ जॅकेट मी सर्वांत शेवटी तपासली, कारण ती नवी होती. प्लास्टिकच्या पिशवीत बंद, छातीवर १०० एन असं छापलेलं, केशरी रंग, चमकणाऱ्या पट्ट्या. एन म्हणजे न्यूटन. साधारण १० न्यूटन म्हणजे एक किलोचा उचल, म्हणजे १०० न्यूटनचं जॅकेट दहा किलोच्या आसपासचं ओझं पाण्यावर धरून ठेवतं. मोठ्या जहाजांसाठीच्या सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांखाली जॅकेट गोड्या पाण्यात २४ तास बुडवून ठेवतात, आणि त्याची तरंगण्याची ताकद ५ टक्क्यांहून जास्त कमी होता कामा नये. मी पाण्याचं मोठं पिंप भरलं, एका जॅकेटला पाच किलोचं लोखंडी वजन बांधलं आणि पाण्यात सोडलं. तरंगलं. बरं वाटलं. तसंच रात्रभर ठेवलं.

सकाळी ते तळाशी होतं.

शिवण उसवली. आत बंद छिद्रांचा फोम असायला हवा होता, जो पाणी पीत नाही. होता तो वस्तू पॅक करायचा स्पंज, भांडी घासायच्या स्पंजासारखा. दाबला तर मनगटावरून पाणी वाहिलं. जानेवारी २०१६ मध्ये तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये पोलिसांनी एका कारखान्यातून अशीच हजाराहून जास्त बनावट जॅकेट जप्त केली होती, समुद्र ओलांडून जाणाऱ्या निर्वासितांना विकायला बनवलेली. ती बातमी मी वाचली होती. असलं काही माझ्याच बोटीत पिशवीबंद पडलेलं असेल, हे मनातही आलं नव्हतं. परत येताना ते साडेतीन तास धाकट्याच्या अंगात त्यातलंच एक जॅकेट होतं. त्याला पोहता येत नाही.

चारही जॅकेट मी कात्रीने फाडली. पट्टे कापले, स्पंज वेगळा काढला, कापडाचे तुकडे केले. अख्खी फेकली असती तर ती कुणीतरी उचलून नेली असती आणि घालून समुद्रात गेला असता.