हार्ड डिस्क रिपेअर, बेळगाव खडे बाजार, बोळातलं छोटं दुकान : ४ स्टार

२ टीबीची पोर्टेबल डिस्क, आत पोरीच्या बारशापासूनचे सगळे फोटो, आणि लावली की नुसती टिकटिक टिकटिक, कॉम्प्युटरला दिसेचना. आधी इथं निपाणीतच एकाकडं नेली. त्यानं कानाला लावली, म्हणाला हेड, म्हणजे आतलं डेटा वाचणारं टोक, गेलंय, १२ हजार होतील, आणि डोक्यावर फॅन गरगरत असताना काउंटरवरच स्क्रू काढायला बसला! मी हातातनं काढूनच घेतली.

आता किराणा दुकानात बसत असलो तरी बीएस्सी फिजिक्सला केलंय, तेवढं डोक्यात आहे अजून. ते हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कण त्याच्यापुढं डोंगर. आणि वाचतं कसं, तर दोन चुंबकी थर, मध्ये काही अणूंएवढा पातळ तिसरा थर. एका थराची दिशा फिक्स, दुसऱ्याची दिशा खालच्या बिटप्रमाणं, म्हणजे तबकडीवरच्या ० किंवा १ च्या चुंबकी ठिपक्याप्रमाणं, फिरते. इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, आमच्या भाषेत नंबरप्लेट म्हणा, केए नाहीतर एमएच. आणि ते दोन चुंबकी थर म्हणजे दोन नाके. दोन्ही थर एका दिशेला असले की एका प्लेटवाले दोन्ही नाक्यांवरनं सुसाट, करंट भरपूर. थर उलटसुलट झाले की प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या नाक्यावर अडवतातच, सीमावाद पेटला की कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्याला एसटीचं होतं तसं, म्हणजे रेझिस्टन्स वाढला. त्यावरनंच ० का १ ते कळतं. १९८८ ला फेर आणि ग्रुनबर्ग या दोघा शास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून लोखंड-क्रोमियमच्या थरांत हे पकडलं, २००७ ला नोबेल मिळालं. आताच्या हेडात मधला थर मॅग्नेशियम ऑक्साइडचा, म्हणजे चक्क इन्सुलेटर, तरी इलेक्ट्रॉन टनेलिंग करून, म्हणजे भिंतीतनं बोगद्यातनं गेल्यासारखे, पलीकडं जातातच, आणि तिथंही प्लेट बघूनच एंट्री.

असो, दुकानाबद्दल सांगायचं राहिलं. बेळगावच्या काकांनी आधी केबल बदलून बघितली, मग बाहेरचं प्लास्टिकचं केसिंग काढलं, आतली सीलबंद डिस्क सरळ त्यांच्या मशीनला जोडली, टिकटिक बंद! "हेडला काही झालं नाही हो, पॉवर कमी पडूलालीय तिला, यूएसबीचा बोर्ड खराब." नवीन केसिंगसकट ६५० रुपये. फोटो सगळे जागेवर. मी हेडचं विचारल्यावर त्यांनी एक मेलेली डिस्क उघडून दाखवली, आरशासारखी तबकडी आणि दांडीच्या टोकाला राईच्या दाण्याएवढं काळं काहीतरी, हेच ते. खरंच हेड गेलं तर ते स्वतः उघडत नाहीत, क्लीन रूमवाल्याकडं, म्हणजे धूळ नसलेल्या खोलीत उघडणाऱ्याकडं, पाठवतात, खर्च आधी सांगतात.

एक स्टार कापला कारण गाडी लावायला जागा नाही आणि दुपारी २ ते ४ शटर बंद, मी निपाणीवरनं येऊन बोळात उभा. आणि डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्यायला काकांनी तीनदा सांगितलंय, मी अजून केलेला नाही.